डोंगरावरची खुर्ची : वेगाची किंमत किती?

आमच्या हिंगणीला बर्फ पडत नाही. बोर धरणाच्या पलीकडे जे डोंगर दिसतात त्यांच्यावर साग आहे, बांबू आहे, २०१४ पासून सरकारी कागदोपत्री व्याघ्र प्रकल्पही आहे. पण बर्फावरून घसरण्याचा खेळ तेथे कोणी खेळला नाही आणि खेळणारही नाही. तेव्हा बर्फाच्या डोंगरावर जलद चालणाऱ्या खुर्च्यांचा रोपवे बांधावा की संथ चालणाऱ्यांचा, हा प्रश्न मी तुमच्यापुढे का आणावा, असे कोणीही विचारील. विचारणे रास्तच आहे. म्हणून आधी घरची गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईला एका डोंगरावरच्या देवीला घेऊन गेलो होतो. आईचे गुडघे गेलेले. पायऱ्या चढणे शक्य नव्हते. पण रोपवे आहे असे ऐकले होते, म्हणून ती निघाली. सणाचा दिवस होता. खाली तिकिटाच्या खिडकीपासून जी रांग लागली होती तिच्यात आम्ही दोन तास उभे राहिलो. बसायला बाक नाही, डोक्यावर पुरते छप्पर नाही. मग आमची पाळी आली आणि पाळण्याने आम्हाला अवघ्या चार मिनिटांत वर नेले. मी कौतुकाने म्हटले, "काय वेग आहे, नाही का?" त्यावर आई म्हणाली, "पाळना त भुर्रकन गेला रे बाबू, पन पाय तं खालीच भरून आले ना!"

मी अर्थशास्त्र शिकवतो. पण त्या दिवशी अर्थशास्त्राचा धडा मला आईने दिला. यंत्र जलद असणे वेगळे आणि माणसाचे काम जलद होणे वेगळे. बर्फाच्या देशांतील लोक जलद खुर्च्यांबद्दल जो वाद घालतात त्याच्या मुळाशी हेच आहे, आणि आपल्या गावाला त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आधी ही खुर्ची काय आहे ते पाहू. डोंगराच्या पायथ्याला एक मोठे चाक, माथ्यावर दुसरे चाक, आणि दोहोंभोवती पोलादी दोराचे अखंड कडे. मोटर चाक फिरवते, दोर फिरत राहतो. दोराला ठराविक अंतरावर खुर्च्या टांगलेल्या असतात. एका बाजूने खुर्च्या वर जातात, दुसऱ्या बाजूने खाली येतात. रहाटगाडग्याची माळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र काढून दाखवण्याची गरज नाही. जगातील पहिला असा खुर्च्यांचा रोपवे १९३६ साली अमेरिकेतील आयडाहो प्रांतात सन व्हॅली येथे उभा राहिला. तो करणारे जेम्स करन हे रेल्वे कंपनीचे अभियंते होते. जहाजावर केळीचे घड चढवण्यासाठी आकडे लावलेला फिरता दोर वापरीत. त्यावरून त्यांना कल्पना सुचली. घडाच्या जागी माणूस बसवला, एवढेच.

या जुन्या पद्धतीत खुर्ची दोराला पक्की आवळलेली असते. दोर ज्या वेगाने चालेल त्याच वेगाने खुर्ची तुमच्या मागून येणार आणि तुम्ही पटकन बसावयाचे. म्हणून दोराला फार पळवता येत नाही. पायात बर्फाच्या फळ्या बांधलेला माणूस घसरत घसरत बसतो, त्याच्यासाठी सेकंदाला अडीच मीटरपर्यंत वेग चालतो. पायी चालणाऱ्या माणसासाठी तो आणखी कमी ठेवावा लागतो.

यावर तोड म्हणून सुटी होणारी खुर्ची आली. हिची पकड स्प्रिंगची असते. खुर्ची ठाण्यात शिरली की पकड आपोआप उघडते, खुर्ची दोर सोडून एका रुळावर येते आणि रबरी चाकांच्या ओळीवरून तिचा वेग कमी होत जातो. माणसे चालण्याच्या गतीने, सावकाश बसतात. मग तशाच चाकांनी खुर्चीला पुन्हा पळवले जाते आणि ती दोराला घट्ट धरते. दोर मात्र एकदाही थांबत नाही. त्यामुळे दोर सेकंदाला पाच मीटर वेगाने पळवता येतो. चार माणसांची अशी जलद खुर्ची १९८१ साली कोलोरॅडोतील ब्रेकेनरिज येथे प्रथम चालू झाली. आता जगभर अशा खुर्च्या आहेत. आपल्याकडे गुलमर्गला बंद पाळण्यांचा जो रोपवे आहे, ज्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला, तोही याच सुटणाऱ्या पकडीच्या जातीचा.

आता किमतीचे. सुटी होणारी खुर्ची साध्या खुर्चीच्या साधारण दुप्पट, आणि पुष्कळदा त्याहूनही महाग पडते. दोन्ही टोकांना लांबलचक ठाणी बांधावी लागतात, प्रत्येक पकड हे स्वतंत्र यंत्र असते, ते वेळोवेळी काढून तपासावे लागते, आणि त्यासाठी शिकलेले कारागीर बारमाही ठेवावे लागतात. मग एवढा पैसा घालून मिळते काय?

सर्वसाधारण माणूस उत्तर देईल, "वेग दुप्पट, म्हणजे माणसेही दुप्पट वर जातील." येथेच चूक होते. शिक्षक मंडळींनी खडू हातात घ्यावा आणि हे गणित फळ्यावर मांडावे, अशी माझी विनंती आहे.

समजा, रोपवेची लांबी १,२०० मीटर आहे. खुर्चीत चार माणसे बसतात. चौघांनी नीट बसायचे तर दोन खुर्च्यांमध्ये ६ सेकंदांचे अंतर पाहिजे. म्हणजे मिनिटाला १० खुर्च्या, ४० माणसे. तासाला २,४०० माणसे. साधी खुर्ची सेकंदाला अडीच मीटर चालली तर वर पोचायला ८ मिनिटे लागतील. जलद खुर्चीला ४ मिनिटे. परंतु बसायला लागणारे ६ सेकंद दोघींनाही सारखेच! म्हणून साध्या रोपवेवर खुर्च्या १५ मीटरांवर टांगतात, तर जलद रोपवेवर ३० मीटरांवर. वर जाणाऱ्या बाजूला एकीकडे ८० खुर्च्या, दुसरीकडे ४०. तासाला माणसे मात्र दोन्हीकडे २,४०० च.

हे पटत नसेल तर सेलूच्या कापसाच्या बाजाराकडे चला. समजा, काट्यावर एका गाडीला ६ मिनिटे लागतात. म्हणजे तासाला १० गाड्या. हिंगणीहून बंडीने दोन तास लागतात असे धरू. मग रस्त्यावर एका वेळी २० बंड्या दिसतील. आता साऱ्यांनी ट्रॅक्टर घेतले आणि अर्ध्या तासात पोचू लागले. रस्त्यावर ५ च ट्रॅक्टर दिसतील. मग बाकीचे कुठे गेले? फाटकासमोर रांगेत उभे! काटा तासाला १० च गाड्या मोजणार. ट्रॅक्टरचा हप्ता भरून आपण काय विकत घेतले? रस्त्यावरचा वेळ रांगेत नेऊन ठेवला.

बर्फाच्या डोंगरावर अगदी हेच घडते. गर्दीच्या दिवशी डोंगरावर ८०० माणसे आहेत आणि घसरत खाली यायला ६ मिनिटे लागतात असे धरा. साध्या खुर्चीवर वर जाण्याची ८ आणि उतरण्याची ६, मिळून १४ मिनिटे. मिनिटाला ४० च्या हिशेबाने ५६० माणसे चालती राहतील आणि २४० रांगेत. म्हणजे ६ मिनिटांची रांग. एका फेरीला एकूण २० मिनिटे. जलद खुर्चीवर ४ आणि ६ मिळून १०. चालती माणसे ४००, रांगेत ४००, रांग १० मिनिटांची. एका फेरीला एकूण किती? पुन्हा २० च. तासाला तीन फेऱ्या अशा, तासाला तीन फेऱ्या तशा. फरक इतकाच की साध्या खुर्चीत माणूस बसून विश्रांती घेत होता, आता तो तेवढा वेळ थंडीत उभा राहतो.

मग जलद खुर्ची हा निव्वळ डामडौल आहे काय? तसेही नाही, एका बाजूचे सांगून दुसरी बाजू झाकणे बरे नव्हे. ज्या दिवशी डोंगरावर १०० च माणसे आहेत त्या दिवशी रांगच नाही. साध्या खुर्चीवर फेरीला १४ मिनिटे, म्हणजे तासाला चारच्या थोड्या वर फेऱ्या; जलद खुर्चीवर १० मिनिटे, म्हणजे सहा फेऱ्या. येथे वेगाचा पुरा लाभ मिळतो. वाट जितकी लांब तितका लाभ अधिक. ४०० मीटरांच्या टेकडीवर वाचणार ८० सेकंद. त्यासाठी दुप्पट पैसा घालणारा माणूस शहाणा म्हणता येणार नाही. दीड-दोन किलोमीटरांच्या चढावर, बोचऱ्या वाऱ्यात उघड्या खुर्चीवर पंधरा मिनिटे काकडत बसण्याऐवजी सात मिनिटांत पोचणे याला मात्र मोल आहे.

दुसरा लाभ माझ्या मते सर्वांत मोठा, आणि त्याचे नाव वेग नाही. तो आहे सावकाशपणा! जलद रोपवेची खुर्ची ठाण्यात हळू होते. लहान मूल, म्हातारा माणूस, नवशिका न घाबरता बसू शकतो. साध्या रोपवेवर कोणी बसताना अडखळला की चालक सारा दोर थांबवतो आणि शेकडो माणसे हवेत लटकून राहतात. कागदावर तासाला २,४०० असलेला आकडा मग प्रत्यक्षात खाली येतो. म्हणून काही ठिकाणी मधला मार्ग काढतात : साध्या खुर्चीपुढे जमिनीवर एक सरकता पट्टा बसवतात. माणूस पट्ट्यावर उभा राहतो, पट्टा त्याला खुर्चीच्या दिशेने पुढे नेतो आणि बसताना हिसका कमी लागतो. पुष्कळ कमी खर्चात निम्मे काम होते.

या सावकाशपणाचे मोल कळण्यासाठी परदेशी जावयास नको. आपल्या वर्धा-नागपूरकडील कितीतरी मंडळी बोधगयेला जातात तेव्हा राजगीरलाही जातात. तेथे रत्नागिरीच्या डोंगरावर विश्वशांती स्तूप आहे. त्याचे उद्घाटन १९६९ मध्ये झाले. तो ज्यांच्या प्रेरणेने झाला ते जपानचे फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते, आणि वर्ध्याला गीताई मंदिराजवळ जो स्तूप उभा आहे तोही त्यांच्याच परंपरेचा. राजगीरला स्तूपाकडे जाणारा जुना रोपवे एकेका माणसाच्या उघड्या खुर्चीचा. खुर्ची थांबत नाही. ती येते आणि तुम्ही चटकन बसायचे. तरण्याताठ्यांना त्याची मौज वाटते. पण कडेवर मूल असलेली बाई, काठी टेकणारे आजोबा यांचे काय? म्हणून २०२१ पासून त्याच्या जोडीला बंद पाळण्यांचा नवा रोपवे सुरू झाला. हा खर्च वेगासाठी आहे असे मी म्हणणार नाही. जे आजवर खालीच थांबत होते त्यांना वर नेण्यासाठी तो आहे. आणि म्हणून तो योग्य आहे.

आता आपल्या महाराष्ट्रातील रायगड घ्या. तेथला रोपवे १९९६ मध्ये सुरू झाला. त्याची जात निराळी. लांबी सुमारे ७६० मीटर, चढ ४०० मीटरांच्या वर, आणि वर पोचायला चार-पाच मिनिटे. येथे पाळण्यांची माळ नाही. एक बाजू वर जाते तेव्हा दुसरी खाली येते; विहिरीवर रहाट गेला आणि एका कप्पीवर दोन घागरी आल्या असे समजा. अशा रोपवेत मात्र वेग वाढवला तर माणसे वाढतात, पण तीही दुप्पट नव्हेत. समजा, जायला ४ मिनिटे आणि चढ-उतार करायला २ मिनिटे लागतात. मग तासाला १० खेपा. वेग दुप्पट केला तर २ आणि २ मिळून ४ मिनिटे. तासाला १५ खेपा. खर्च करून दीडपट पदरात पडले. आणि दारे रुंद करून, माणसे शिस्तीने सोडून चढ-उताराचा वेळ एका मिनिटावर आणला, तर ५ मिनिटांची खेप, तासाला १२ खेपा. यासाठी खर्च काय? दोन माणसांचा पगार आणि एक लोखंडी कठडा! यंत्र जेथे होते तेथेच आहे.

खर्चाची आणखी एक बाजू आहे. बर्फाचा मोसम चार-पाच महिन्यांचा. यंत्र चार महिने चालते, कर्ज बारा महिने चालते. हे कास्तकाराला समजावून सांगण्याची गरज नाही. पंधरा दिवस चालणारे मळणीयंत्र वर्षभर दाराशी उभे असते आणि हप्ता मात्र उभा राहत नाही. गुलमर्गला उन्हाळ्यातही प्रवासी पाळण्यात बसतात म्हणून तेथला हिशेब जुळतो. जत्रेपुरत्या चार दिवसांच्या गर्दीसाठी मोठे यंत्र आणायचे आणि उरलेले दिवस रिकामे पाळणे फिरवायचे, यात शहाणपण नाही.

आणि यंत्राची राखण? २०१७ च्या जून महिन्यात गुलमर्गला सोसाट्याच्या वाऱ्यात झाड दोरावर पडले आणि सात जीव गेले. २०२२ च्या एप्रिलमध्ये झारखंडातील देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावर पाळणे अधांतरी अडकले. शेवटच्या माणसांना वायुसेनेच्या हेलिकॉप्टरने सोडवेपर्यंत तिसरा दिवस उजाडला, आणि काहींचे प्राण गेले. उत्तराखंडात जोशीमठहून औलीच्या बर्फाच्या मैदानाकडे जाणारा रोपवे, २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचू लागली तेव्हा बंद करावा लागला. हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. रोपवे एरवी सुरक्षित वाहन आहे. पण ज्याच्या बांधण्याला पैसा आहे आणि तपासणीला नाही, ते यंत्र कितीही जलद असले तरी महागच पडावयाचे. वेगावर वाचवलेला रुपया राखणीवर घातला तर तो वाया जात नाही.

केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात डोंगरी भागांसाठी पर्वतमाला नावाची रोपवेंची योजना जाहीर केली. तेव्हापासून देशात जागोजागी रोपवेंच्या मागण्या होत आहेत. उद्या आपल्या ओळखीच्या एखाद्या गडाचे, टेकडीचे नाव निघाले तर आश्चर्य वाटू नये. पचमढीच्या महादेवाला आपल्याकडून दरवर्षी किती लोक जातात! चौरागडाच्या हजाराच्या वर पायऱ्या खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणारी माणसे हिंगणीच्या घराघरांत आहेत. त्यांना पाळणा नको असेल. नवस पायांनीच फिटतो असे ती म्हणतील. त्यांच्या श्रद्धेचा मान राखावा. पण माझ्या आईसारख्यांचे काय, हाही प्रश्न खराच आहे. म्हणून रोपवे हवा की नको, एवढ्यावर थांबू नका. कोणता, कोणासाठी आणि किती दिवसांसाठी, असे विचारा.

मी तुम्हाला तीन प्रश्न देतो. ते रोपवेलाच नव्हे, ग्रामपंचायतीत मंजुरीला येणाऱ्या कोणत्याही यंत्राला लावून पाहा. पहिला : खोळंबा नेमका कोठे होतो? वाटेत, की दाराशी? दाराशी होत असेल तर वाट जलद करून उपयोग नाही. दुसरा : वर्षातून किती दिवस हे यंत्र पुरे कामाला लागेल? तिसरा : दहा वर्षांनी याची पकड, याचा दोर, याची मोटर कोण तपासणार आणि कोणाच्या पैशाने? तिन्ही प्रश्नांची उत्तरे सरळ मिळाली तर खुशाल जलद यंत्र घ्या. एकाचेही उत्तर "पुढे पाहू" असे आले, तर साधे यंत्र घ्या आणि उरलेल्या पैशात रांगेवर छप्पर घाला, बाक टाका, पिण्याच्या पाण्याची सोय करा.

शिक्षकांना एक काम सांगून हे भाषण संपवतो. उद्या मुलांना हातपंपावर न्या. एक गुंड भरायला किती वेळ लागतो आणि दोन गुंडांच्या मधे, बाजूला सारणे, दुसरा ठेवणे यात किती वेळ जातो, हे त्यांना घड्याळ लावून मोजू द्या. मग विचारा की पंप जोराने हापसला तर रांग किती कमी होईल, आणि दुसरा गुंड आधीच जवळ आणून ठेवला तर किती? हे उत्तर पोरे स्वतः काढतील, आणि एकदा काढले की जन्मभर विसरणार नाहीत.

माझ्या आईला हे गणित कोणी शिकवले नव्हते. पण पाय कोठे दुखले, हे तिला बरोबर ठाऊक होते. यंत्राचा हिशेब मांडताना आपण आकडे जरूर मांडावेत, फक्त मांडायला सुरुवात करण्यापूर्वी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला एकदा विचारावे, "बाई, दुखते कोठे?" पैसा तेथे घालावा.